पिकअपसाठी कमी धूळ सोडणारे ब्रेक पॅड कसे निवडावेत

पिकअपच्या पुढच्या दोन रिम्सवर आठवड्याभरात काळा थर बसतो, तो नुसत्या पाण्याने निघत नाही आणि काही महिन्यांनी अलॉय व्हीलच्या लॅकरमध्ये, म्हणजे वरच्या पारदर्शक थरात, बारीक तपकिरी ठिपके दिसू लागतात, ही इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स हौसेने वापरणाऱ्यांची नेहमीची तक्रार आहे. त्यावर ‘लो डस्ट’ किंवा ‘सिरॅमिक’ असे छापलेले पॅड बसवण्याचा सल्ला मिळतो. तो सल्ला चुकीचा नाही, मात्र प्रत्येक गाडीसाठी बरोबरही नाही. पिकअप ही मुळात माल वाहणारी गाडी आहे. भरलेली गाडी घाट उतरताना किती खात्रीने थांबेल हा तिचे पॅड निवडतानाचा पहिला प्रश्न असला पाहिजे, आणि रिम किती स्वच्छ राहील हा दुसरा.

ही धूळ एकट्या पॅडची नसते. पॅड ज्या बिडाच्या डिस्कवर घासतात ती डिस्कही झिजत असते, आणि काळ्या थरातला बराच भाग लोखंडाच्या सूक्ष्म कणांचा असतो. हे कण गरम अवस्थेत रिमवर आदळून लॅकरमध्ये रुततात, मग दमट हवेत गंजतात आणि तेच ते तपकिरी ठिपके होतात. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत ही गंजण्याची क्रिया अधिक वेगाने होते. कोकणात फिरणाऱ्या गाडीवर त्यात लाल मातीची भर पडते, त्यामुळे नक्की काय साचले आहे ते आधी ओळखावे. माती चारही चाकांवर जवळपास सारखी बसते आणि पाण्याच्या झोताने निघून जाते. ब्रेकची धूळ प्रामुख्याने पुढच्या चाकांवर, तीही रिमच्या आतल्या बाजूला आणि आऱ्यांच्या कोपऱ्यांत चिकटून बसते. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असल्यामुळे मागच्या लायनरची, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या अस्तराची, धूळ ड्रमच्या आतच राहते. म्हणजे कमी धुळीचा सगळा प्रश्न पुढच्या पॅडपुरता आहे.

पॅड विकत घेण्यापूर्वी डाव्या आणि उजव्या चाकाची तुलना अवश्य करावी. एकच रिम ठळकपणे अधिक काळे होत असेल तर दोष पॅडच्या जातीचा नसून बहुधा त्या बाजूचा ब्रेक चिकटत असतो. चाक काढून कॅलिपर, म्हणजे पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग, उघडल्यावर दोन्ही पॅड शेजारी ठेवून पाहावेत. पिस्टनच्या बाजूचा पॅड ३ मिलिमीटरवर आलेला आणि बाहेरचा अजून ८ मिलिमीटर शिल्लक, असे दिसले तर कॅलिपरच्या सरकत्या पिना सुकल्या आहेत किंवा रबरी बूट फाटून आत पाणी शिरले आहे, असे समजावे. चांगली पिन बोटांनी ओढली तरी सहज बाहेर येते आणि तिच्यावर ग्रीसचा पातळ थर असतो. अडकलेली पिन फिरवत फिरवत काढावी लागते आणि तिच्यावर तांबूस गंजाचे वळे दिसतात. अशा कॅलिपरमध्ये कितीही महागडे पॅड बसवले तरी ते डिस्कला सतत घासत राहणार आणि धूळ पडतच राहणार. पिना साफ करून त्यांना सिलिकॉनचे, उच्च तापमान सोसणारे ग्रीस लावावे. साधे चासी ग्रीस वापरू नये, कारण त्याने रबर फुगते.

दुसरी तपासणी मागच्या ब्रेकची आहे, आणि आपल्याकडे ती सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. मागचे लायनर झिजले असतील किंवा त्यांचे ॲडजस्टमेंट सुटले असेल, तर पुढच्या ब्रेकवर त्यांच्या वाट्याचाही भार येतो. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला सळईने जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. गाडी भाराने किती खाली बसली आहे, यावरून तो मागच्या ब्रेकला किती दाब सोडायचा ते ठरवतो. जास्त माल भरता यावा म्हणून मागच्या स्प्रिंगचे पाटे वाढवण्याची पद्धत महाराष्ट्रात सर्रास आहे. पाटे वाढवले की भरलेली गाडीही पूर्वीइतकी बसत नाही, व्हॉल्व्ह ती रिकामीच समजतो आणि मागच्या ब्रेकला दाब कमी मिळतो. मग पुढचे पॅड भराभर झिजतात, धूळ वाढते आणि मालक पॅडच्या कंपनीला दोष देतो. पाटे वाढवलेल्या किंवा गाडी उंच करणारा संच बसवलेल्या प्रत्येक पिकअपचा हा व्हॉल्व्ह जाणकार मिस्त्रीकडून कंपनीच्या मापाप्रमाणे पुन्हा लावून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

एवढे सगळे ठीक असूनही धूळ जास्त वाटत असेल, तर मग पॅडच्या घटकांकडे वळावे. सेमी-मेटॅलिक पॅडमध्ये पोलादी तंतू आणि लोखंडाची पूड यांचे प्रमाण वजनाच्या साधारण ३० ते ६५ टक्के असते. हे पॅड उष्णता चांगली सोसतात, जड गाडीला जोमाने थांबवतात, पण डिस्कलाही अधिक घासतात आणि काळी धूळ जास्त सोडतात. दुसऱ्या टोकाला ॲस्बेस्टॉसविरहित ऑरगॅनिक पॅड असतात. त्यांत पोलादी तंतू जवळपास नसतात, ते शांत असतात आणि डिस्कवर स्वतःच्या घटकांचा पातळ थर चढवून त्या थराच्या आधाराने पकड घेतात. घासून पकडण्यापेक्षा या पद्धतीत डिस्क कमी झिजते, आणि धूळ कमी होण्याचे मुख्य कारण हेच. बाजारात ज्यांना सिरॅमिक म्हणतात ते पॅड बहुतांशी याच कुळातले असून त्यांत सिरॅमिक तंतूंची भर असते. शर्यतीच्या आणि अतिमहागड्या गाड्यांच्या सिरॅमिक डिस्कशी त्यांचा संबंध नाही. त्यांची धूळ फिक्या रंगाची असल्यामुळे ती प्रत्यक्षात असते त्याहूनही कमी दिसते, हेही लक्षात असू द्यावे.

आता भाराचा हिशेब. एकूण ३ टन वजनाची गाडी ५०० मीटर उंचीचा घाट उतरते तेव्हा सुमारे १४.७ मेगाज्यूल, म्हणजे विजेच्या ४ युनिटांइतकी ऊर्जा कुठेतरी खर्ची पडावी लागते. इंजिन आणि हवेचा विरोध यांनी जेवढी शोषली नाही, तेवढी सारी उष्णता होऊन डिस्क आणि पॅडमध्ये उतरते. पॅडचे घटक बांधून ठेवणारे फिनॉलिक रेझिन फार तापले की त्यातून वायू सुटू लागतात, पकड ढिली पडते आणि पेडल घट्ट असूनही गाडी थांबत नाही. प्रत्येक पॅडची याबाबतची मर्यादा वेगळी असते, आणि हलक्या गाडीसाठी बनवलेल्या कमी धुळीच्या पॅडची मर्यादा जड पिकअपला अपुरी पडू शकते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. बोलेरो पिकअप १.७ टनसारखी गाडी भाजीपाला, सिमेंट किंवा आंब्याच्या पेट्या घेऊन आंबोली, कुंभार्ली किंवा कसारा घाटातून नियमित जात असेल, तर कंपनीने दिलेल्या जातीचेच पॅड वापरावेत आणि धुळीची चिंता सोडून द्यावी. तिच्या पोलादी रिमला त्या धुळीने फारसे बिघडतही नाही. ट्रेलर ओढणाऱ्यांनाही हेच लागू आहे. गाडी मुख्यतः शहरात आणि महामार्गावर रिकामी किंवा अर्धी भरलेली चालत असेल, घाट अधूनमधून लागत असेल आणि रिम अलॉयचे असतील, तर नामांकित उत्पादकाचे, नेमक्या त्याच मॉडेलसाठी आणि पूर्ण भारासाठी बनवलेले कमी धुळीचे पॅड घ्यायला हरकत नाही. ‘कारला चालतात, मग यालाही चालतील’ असे सांगणाऱ्या दुकानदाराचे मात्र ऐकू नये.

पॅड हातात आल्यावर आधी त्याच्या पाठीमागची प्लेट वाचावी. उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक आणि भाग क्रमांक त्यावर स्पष्ट छापलेले किंवा कोरलेले असले पाहिजेत. काही पॅडवर ‘एफएफ’ किंवा ‘जीजी’ अशी रोमन अक्षरांची जोडी असते. तिचे पहिले अक्षर साधारण तापमानातली आणि दुसरे तापलेल्या अवस्थेतली पकड दाखवते. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. पिकअपसाठी दुसरे अक्षर पहिल्यापेक्षा खालचे असलेला पॅड मी घेणार नाही, कारण तापल्यावर तो ढिला पडतो हे त्याच्या पाठीवरच लिहिलेले असते. या अक्षरांवरून धूळ किंवा आयुष्य मात्र कळत नाही. वर्तुळातील ‘ई’ आणि ‘९० आर’ने सुरू होणारा क्रमांक असेल तर तो पॅड युरोपच्या नियमाप्रमाणे मंजूर आहे, म्हणजे त्याची पकड मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत जुळते. अमेरिकेहून आलेल्या खोक्यावर तीन पानांचे चिन्ह दिसले तर त्यात तांबे ०.५ टक्क्यांपेक्षा कमी आहे एवढाच त्याचा अर्थ. ते चिन्ह धुळीबद्दल काहीच सांगत नाही. ज्या पॅडवर काहीच छापलेले नाही, ज्याच्या कडा ठिसूळ आहेत किंवा प्लेट आणि पॅडच्या जोडावर फट दिसते, तो कितीही स्वस्त असला तरी परत करावा.

पॅड नेहमी दोन्ही पुढच्या चाकांचे एकदम बदलावेत. डिस्कची जाडी मोजावी. तिच्यावर किमान जाडी कोरलेली असते आणि त्याखाली गेलेली डिस्क लेथवर घासून वापरणे धोक्याचे आहे. नव्या जातीचे पॅड जुन्या पॅडचा थर चढलेल्या डिस्कवर नीट बसत नाहीत, म्हणून डिस्क स्वच्छ आणि सपाट करून घ्यावी. काम चालू असताना ब्रेकवर हवेचा पाइप मारू देऊ नये, कारण ती धूळ थेट फुफ्फुसात जाते. ब्रेक क्लीनर किंवा ओले फडके वापरायला सांगावे. जुन्या गाडीच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने मागचे ड्रम उघडताना तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

त्यानंतर नवे पॅड ठरावीक पद्धतीने ब्रेक लावून डिस्कशी जुळवून घेणे हे कमी धुळीच्या जातीत विशेष महत्त्वाचे आहे, कारण डिस्कवरचा थर सारखा चढला नाही तर पेडलला थरथर येते आणि धूळही वाढते. उत्पादकाने पद्धत दिली असेल तर ती पाळावी. दिली नसेल तर रिकाम्या, सुरक्षित रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरवरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, मध्यम दाबाने आठ-दहा वेळा ब्रेक लावावेत, प्रत्येक वेळी मध्ये थोडे अंतर गाडी चालवावी आणि शेवटी ब्रेक न वापरता काही किलोमीटर जाऊन ते थंड होऊ द्यावेत. तापलेल्या ब्रेकवर पेडल दाबून गाडी उभी ठेवू नये. पहिले २००-३०० किलोमीटर धूळ नेहमीपेक्षा जास्त पडते, तेवढ्यावरून पॅडबद्दल मत बनवू नये.

रिमच्या आत बसवायच्या, धूळ अडवणाऱ्या चकत्या काही दुकानांत मिळतात. त्यांनी डिस्कला मिळणारी हवा अडते, त्यामुळे त्या पिकअपला लावूच नयेत. रिम धुवून त्यांवर मेणाचा किंवा कोटिंगचा थर देणे हा कंपनीचेच पॅड ठेवणाऱ्यांसाठी चांगला मार्ग आहे. थर असला की धूळ रुतत नाही आणि साध्या शाम्पूने निघते. धुण्यापूर्वी चाके हाताला थंड लागली पाहिजेत, कारण तापलेल्या डिस्कवर थंड पाणी पडले तर ती वाकडी होऊ शकते. आणि चालवण्याच्या सवयीनेही धूळ कमी होते. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम पाळला, तर पॅडवर येणारी उष्णता आणि झीज दोन्ही घटतात.

नवे पॅड बसवल्यावर पहिल्या भरलेल्या फेरीआधी एखाद्या छोट्या उतारावर गाडी तपासून पाहावी. थांबायला लागणारे अंतर पूर्वीपेक्षा वाढल्यासारखे वाटले, पेडल जास्त दाबावे लागले किंवा गाडी एका बाजूला ओढली, तर रिम कितीही स्वच्छ दिसत असले तरी ते पॅड काढून मूळ जातीचे बसवावेत.