फ्लूचं श्वासातून घ्यायचं औषध: या चुका टाळा

गोव्यात फ्लूला बहुतेकांना ऑसेल्टामिव्हिरच्या कॅप्सूल मिळतात. कुणाला झानामिव्हिर, म्हणजे तोंडाने ओढायची पावडर लिहून दिली असेल, तर नुसतं सांगून भागत नाही. "कळलं ना आजी?" म्हटलं की आजी मान डोलावतात. पावडर ओढायचं रिकामं यंत्र त्यांच्याच हातात द्या आणि करून दाखवायला सांगा. चूक तिथेच दिसते.

सगळ्यात मोठी घोळाची जागा म्हणजे श्वास. या यंत्रात दाबून फवारा येत नाही. पावडर वर खेचते ती पेशंटची स्वतःची ओढ. चहाचा घोट घेतल्यासारखं हळू ओढलं तर ती आत नीट जातच नाही. आधी श्वास पूर्ण सोडायचा, पण यंत्रापासून तोंड बाजूला करून. आत फुंकलं तर पावडर उडते, शिवाय ओलावा जातो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तो आधीच काय कमी असतो! मग ओठ घट्ट मिटून एका दमात जोराने, खोल ओढायचं आणि काही सेकंद श्वास रोखायचा. यंत्राच्या बाजूंना हवेची भोकं असतात, त्यांवर बोटं ठेवू नका.

झाकण पूर्ण उभं केलं तरच सुई पावडरीचा कप्पा आरपार फोडते. अर्धवट उचललं तर नाही. फोडल्यावर यंत्र आडवं, सपाट धरा आणि लगेच ओढा. "नंतर घेते" म्हणून फोडून ठेवू नका.

एका वेळी दोन कप्पे, म्हणजे 10 मिलिग्रॅम. दिवसातून दोनदा, 5 दिवस. बरेच जण एकच कप्पा ओढून थांबतात, किंवा ताप उतरला की औषधच सोडतात. सुरुवात मात्र लक्षणं दिसल्यापासून 48 तासांच्या आत व्हायला हवी.

ही पावडर नेब्युलायझरमध्ये, म्हणजे औषधाची वाफ देणाऱ्या यंत्रात, कधीही घालू नका. तिच्यात लॅक्टोज असतं, त्याने यंत्रणा तुंबू शकते. त्यात दुधातलं प्रथिनही असतं, म्हणून दुधाची ॲलर्जी असेल तर हे औषध चालत नाही.

दमा किंवा सीओपीडी (श्वास अडवणारा फुप्फुसाचा जुनाट आजार) असलेल्यांना हे औषध सहसा देत नाहीत, कारण श्वासनळ्या आवळू शकतात. डॉक्टरांनी तरीही दिलं असेल तर नेहमीचा श्वास मोकळा करणारा पंप आधी घ्यायचा आणि जवळच ठेवायचा. ओढल्यावर छातीत घरघर किंवा धाप लागली तर पुढचा डोस थांबवा, पंप घ्या आणि 108 ला फोन करा.