मंडळीत शांती हवी असेल तर या चुका टाळा

मंडळीतली, म्हणजे आपल्या चर्चच्या लोकांतली, भांडणं कशावरून झाली याची कुणी यादी केली, तर ती वाचताना वाईट वाटेल. नाताळच्या कार्यक्रमात कुणाच्या मुलांना भाग मिळाला नाही. कापणीच्या सणाचा हिशोब उशिरा आला. पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) अमक्यांच्या घरी प्रार्थनेला गेले, तमक्यांच्या घरी गेले नाहीत. बाप्तिस्म्याच्या किंवा प्रभुभोजनाच्या (येशूच्या आठवणीत भाकर-द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या) अर्थावरून भांडताना मी आपल्या लोकांना फारसं पाहिलेलं नाही. नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांत वाढलो, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीत बसलो, नंतर इतर मंडळ्यांचे तंटे मिटवायला बोलावणी येऊ लागली. सगळीकडे एकच दिसलं: कारण लहान असतं आणि ते भलत्या ठिकाणी बोललं गेल्यामुळे वाढतं. पाळकांचा आणि वडीलजनांचा (मंडळीच्या पुढाऱ्यांचा) मान राखायचा म्हणजे तोंड बंद ठेवायचं, असं मी कधीच म्हणणार नाही. बोलावं. पण ज्याच्याविषयी बोलायचं त्याच्याशी आधी बोलावं.

तक्रारीला ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणणं

ही चूक मला सगळ्यात जास्त दुखवते, कारण करणाऱ्याला ती चूक वाटतच नाही. बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. विषय मागितले जातात. आजारी माणसं, दहावीची मुलं, पाऊस. मग एक ताई हळूच म्हणतात, “पाळकांच्या घरासाठीपण प्रार्थना करा, काहीतरी चाललंय तिथं.” काय चाललंय ते कुणी सांगत नाही, कुणी विचारतही नाही. पण घरी जाताना रस्ताभर तोच विषय. आता हे व्हॉट्सअॅपवर होतं, म्हणजे रस्ता संपण्याआधीच बातमी पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांपर्यंत गेलेली असते.

एका गावच्या मंडळीत कापणीचा सण झाला. लोकांनी ज्वारी, बाजरी, भाजी, अंडी, कोंबड्या आणल्या, उपासनेनंतर नेहमीसारखा लिलाव झाला. आपल्याकडे लिलाव कसा होतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. अर्पण म्हणून माणूस एका लिंबाचीही मोठी बोली लावतो, आणि पैसे पुष्कळदा नंतर आणून देतो. एका भावाने बसल्या बसल्या मोबाईलवर सगळ्या बोल्यांची बेरीज केली. पुढे बँकेत भरलेली रक्कम त्याला कुणाकडून तरी कळली, ती बरीच कमी होती. त्याने रात्री मंडळीच्या ग्रुपवर लिहिलं की देवाच्या पैशाविषयी जड अंतःकरणाने प्रार्थना मागतो, ज्यांनी समजायचं त्यांनी समजावं.

कुणाचं नाव नव्हतं. पण खजिनदार एकच असतो.

सकाळपर्यंत त्या माणसाने पैसे खाल्ले असं अर्ध्या गावाचं मत झालं होतं. त्याच्या मुलीच्या सोयरिकीची बोलणी चालू होती, ती थांबली. पाळकांनी हिशोब दडपला असंही कुणी जोडून दिलं. पुढच्या रविवारी खजिनदाराचं घर उपासनेला आलं नाही. त्यानंतरच्या प्रभुभोजनाला निम्मे लोक जागेवरून उठले नाहीत. खरी गोष्ट एवढीच होती की पुष्कळ बोल्यांचे पैसे यायचे राहिले होते. ज्यांचे राहिले त्यात दोन विधवा होत्या, कांद्याला भाव न मिळालेले काही शेतकरी होते. त्यांची नावं चारचौघांत येऊ नयेत म्हणून खजिनदाराने यादी फक्त पाळकांना दाखवली होती.

मिटायला वर्षाहून जास्त काळ गेला. आम्ही तिघे ती यादी घेऊन घरोघर गेलो, ज्यांना शक्य होतं त्यांनी दिलं. मग नावं न वाचता हिशोब उपासनेत वाचला: इतक्या बोल्या, इतके आले, इतके यायचे. ज्या भावाने ग्रुपवर लिहिलं होतं, त्याने क्षमा मागितली ती त्याच ग्रुपवर आणि मंडळीसमोर उभं राहून. यावर मी अडून बसलो होतो. आरोप शंभर जणांत करायचा आणि क्षमा बंद खोलीत मागायची, हे मला मान्य नाही. खजिनदार परत आला, पण पद त्याने पुन्हा घेतलं नाही. ती सोयरीक तर तुटलीच.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात, भावाने अपराध केला तर काय करावं याचा क्रम प्रभू येशूने सांगितला आहे. आधी तू आणि तो, दोघेच. मग एक-दोन साक्षी. मग मंडळी. आपले लोक शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात आणि पहिली पायरी कधीच चढत नाहीत. माझी सवय सांगतो. शंका आली की मी ती एका वाक्यात कागदावर लिहितो. एका वाक्यात मावत नसेल तर ती शंका नसते, राग असतो, आणि राग घेऊन मी कुणाच्या दारात जात नाही. रात्र जाऊ देतो. दुसऱ्या दिवशी फोन करून वेळ विचारतो आणि त्यांच्या घरी जातो. रविवारी उपासनेच्या आधी किंवा नंतर नाही, कारण तेव्हा पाळकांच्या डोक्यात उपदेश असतो आणि कान चार माणसांकडे. प्रार्थनासभेत कुणी असा विषय काढला, तर मी तिथंच विचारतो, “त्यांना भेटलात का? चला, उद्या दोघं जाऊ.” बहुतेक वेळा विषय तिथंच संपतो.

याला एक अपवाद आहे आणि तो स्पष्ट सांगायला हवा. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर मत्तय अठराच्या पायऱ्या मोजत बसायचं नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग समोर पाळक असो, सनडे स्कूलचा शिक्षक असो की कमिटीचा वडील. स्त्रीवर अत्याचार झाला असेल तर तिच्या बाजूने उभं राहून तिला पोलिसांपर्यंत पोहोचायला मदत करा. तिथं मंडळीचं नाव जपण्याची भाषा करणारा माणूस शांतीसाठी काही करत नाही.

सह्या गोळा करून थेट बिशपांकडे जाणं

याचं मूळ जुनं आहे. आपल्या भागातल्या पुष्कळ मंडळ्या अमेरिकन मराठी मिशनच्या. मुंबईत १८१३ साली आलेल्या त्या मिशनऱ्यांची परंपरा अशी की मंडळीचा निर्णय मंडळीने घ्यायचा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, सहा परंपरा एकत्र आल्या, आणि आपल्याला बिशप, धर्मप्रांत (बिशपांच्या हाताखालचा विभाग), पाळकांच्या बदल्या हे सगळं मिळालं. जुनी सवय मात्र घराघरांत राहिली. परिणाम असा की सोयीचं असेल तेव्हा आपण म्हणतो ‘मंडळी ठरवेल’, आणि मंडळीत मतं मिळणार नाहीत असं दिसलं की म्हणतो ‘बिशपसाहेब ठरवतील’.

मग अर्ज तयार होतो. सह्या घेणारा संध्याकाळी घरोघर फिरतो. “काका म्हणाले म्हणून केली,” असं सांगणारी माणसं मला जवळजवळ प्रत्येक तंट्यात भेटली आहेत. मजकूर वाचलेला नसतो. बिशपांपुढे कागद येतो तेव्हा त्यांना गावातलं काहीच ठाऊक नसतं, आणि सगळ्यात सोपा उपाय त्यांच्या हातात असतो तो बदलीचा. पाळक जातात. भांडण गावातच राहतं, कारण ते मुळात दोन भावक्यांचं होतं. नवे पाळक येतात, वर्षभरात त्यांच्याविरुद्ध दुसऱ्या गटाचा अर्ज जातो.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौलाने नियम घालून दिला आहे: मंडळीच्या वडिलावरचा आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय दाखल करून घेऊ नको. साक्षीदार म्हणजे ज्याने पाहिलं तो. सही करणारा साक्षीदार होत नाही. आणि लगेच पुढे पौल म्हणतो की जे पाप करत राहतात त्यांना सर्वांसमोर दोष दे. ही दोन्ही वाक्यं एकत्र वाचावीत. पाळकांच्या बाजूचे पहिलं वाचतात, विरोधातले दुसरं.

माझा नियम साधा आहे. आधी पाळकांशी बोलणं, मग कमिटीला लेखी पत्र आणि त्याची पोच, मग धर्मप्रांत. ज्या अर्जाची प्रत पाळकांच्या हातात द्यायची तयारी नाही, त्या अर्जावर मी सही करत नाही. वरपर्यंत जाऊ नये असं माझं म्हणणं नाही. जावं, पण पाळकांना आधी सांगून.

‘अभिषिक्ताला हात लावू नका’ असं म्हणून प्रश्न बंद करणं

ही चूक पुढाऱ्यांची. हिशोब विचारला की स्तोत्र १०५ पुढे करायचं, ज्यात देव म्हणतो की माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका. दाविदाने अभिषिक्त राजा शौलाला मारलं नाही हे खरं, पण एन-गेदीच्या गुहेबाहेर उभं राहून त्याने शौलाला तोंडावर विचारलं की तू कुणाच्या पाठीस लागला आहेस. दावीद राजा झाल्यावर नाथान संदेष्ट्याने त्याला त्याच्या पापाचा जाब विचारला. अंत्युखियात पौलाने प्रेषित पेत्राला सर्वांसमोर अडवलं. या तिघांपैकी कुणाचंही वागणं पवित्र शास्त्राने अनादर म्हणून लिहून ठेवलेलं नाही. पेत्र स्वतः मंडळीच्या वडीलजनांना लिहितो की कळपावर धनीपण करू नका. ज्या पाळकांना हे वाक्य पाठ आहे, त्यांच्या मंडळीत मला क्वचित बोलावणं आलं.

काही चुका, ज्यांना जास्त शब्दांची गरज नाही

अर्पण एकट्याने मोजणं. कितीही विश्वासू माणूस असो, दोन वेगळ्या घरांतल्या दोघांनी उपासनेनंतर लगेच मोजावं, वहीत आकडा लिहावा, दोघांनी सही करावी. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना पौलाने सोबत माणसं घेतली, आपल्यावर कुणी ठपका ठेवू नये म्हणून. पौलाला गरज वाटली, तर आपल्याला वाटायला हरकत नाही.

कमिटीच्या निवडणुकीत पॅनल टाकणं. हे ग्रामपंचायतीतून आलं आहे आणि मंडळीत त्याला जागा नाही.

‘पगार आम्ही देतो’ असं पाळकांना ऐकवणं. कुणी ऐकवलं तर तिथल्या तिथे थांबवा.

पाळकबाईंना, म्हणजे पाळकांच्या पत्नीला, बिनपगारी सेविका समजणं, आणि त्यांच्या मुलांनी काय घातलं, कुठे शिकतात यावर चर्चा करणं.

प्रोसिडिंग घरी जाऊन लिहिणं. बैठक संपायच्या आत ठराव वाचून दाखवा. सकाळी प्रत्येकाची आठवण वेगळी असते.

उपासना चालू असताना मोबाईलवर कुणाच्या तरी बोलण्याचा तुकडा काढून पाठवणं.

घाईने समेट घडवणं

तरुण भाऊ-बहिणींना माझं हे बोलणं आवडत नाही, तरी सांगतो. एखादं अधिवेशन करून ते परत येतात, मन भरलेलं असतं, आणि मंडळीतली फूट एका संध्याकाळी मिटवायची असते. बाहेरचा वक्ता बोलावतात, शेवटी गाणं होतं, दोन्ही गटांच्या म्हाताऱ्यांना पुढे आणून हात मिळवायला लावतात. लोक रडतात. सोमवारी विहिरीच्या वाटेचा, शाळेच्या कमिटीचा किंवा लिलावाच्या पैशाचा प्रश्न जसाच्या तसा असतो, आणि आता त्यावर बोलणाऱ्यालाच ‘क्षमा केली नाही’ असं म्हटलं जातं. तो माणूस यानंतर कुठल्याच समेटाला येत नाही.

यरुशलेमच्या पहिल्या मंडळीने काय केलं ते प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात आहे. ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांच्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जात होतं, म्हणून कुरकुर झाली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प केलं नाही, मिठी मारायलाही लावली नाही. मंडळीला सात माणसं निवडायला सांगितलं आणि वाटणीचं काम त्यांच्या हाती दिलं. त्या सातांची नावं बघा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक नावं. ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्याच माणसांवर भरवसा टाकला. त्या गावात कापणीच्या सणाच्या प्रकरणानंतर मी सुचवलं की पुढच्या वर्षीच्या लिलावाची वही नाराज गटातल्या दोघांनी लिहावी. विरोध खूप झाला. पण त्यांनी लिहिली, आणि त्या वर्षी कुणी शंका काढली नाही.

आधीच बिघडलं असेल तर

ग्रुपवर नवीन काही लिहू नका, खुलासाही नाही. ग्रुपवरच्या खुलाशाला उत्तर येतं आणि उत्तराला उत्तर.

कागद गोळा करा: वही, पावत्या, बँकेचा उतारा, ठराव. निम्मे तंटे कागद समोर आल्यावर आकडेमोडीवर येतात, आणि आकडेमोड सुटते.

दोन्ही बाजूंना मान्य असलेली तिसरी माणसं शोधा, शक्यतो दुसऱ्या मंडळीतली. फिलिप्पैच्या मंडळीत युवदिया आणि सुंतुखे यांचं पटेना, तेव्हा पौलाने त्या दोघींना एकचित्त व्हायला सांगितलं आणि आपल्या खऱ्या सोबत्याला त्यांना मदत कर म्हणून विनवलं. मदतनीस लागतो, हे त्यानेच मान्य केलं आहे. पाळकांना मात्र त्यांच्याच प्रकरणात पंच करू नका. तो त्यांच्यावर अन्याय आहे आणि विरोधकांवरही.

धर्मादाय आयुक्तांकडे आणि कोर्टात जायची भाषा सुरू झाली असेल, तर दोन गोष्टी वेगळ्या करा. ट्रस्टच्या विश्वस्तांत बदल झाला तर तो नव्वद दिवसांत कळवणं हे कायद्याचं काम आहे, ते वेळेवर करा, त्यात भांडण नाही. पण एकमेकांच्या चेंज रिपोर्टवर (विश्वस्तबदल कळवणाऱ्या अर्जावर) हरकती घेत वर्षानुवर्षं तारखा लावणं वेगळं. विश्वासणाऱ्यांनी एकमेकांना कोर्टात खेचू नये असं सांगणारा करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय दोन्ही वकिलांच्या अशिलांनी एकत्र बसून मोठ्याने वाचावा, असं मी दर वेळी सुचवतो. दोनदा लोकांनी तसं केलं. एकदा दावा मागे घेतला गेला, एकदा नाही.

आणि पाळकांची बदली झालीच, तर नव्या पाळकांना पहिल्या महिन्यात जुना इतिहास सांगायला जाऊ नका. त्यांना सगळ्या घरांत जाऊ द्या. जेवायला बोलवा, आजाऱ्यांची नावं द्या, वही आणि किल्ल्या द्या. बाकीचं ते विचारतील तेव्हा, आणि दोन्ही बाजूंच्या माणसांना समोर बसवून.