परभणीहून समुद्रावर गळ टाकायला जाताना

पूर्णा-दुधनेच्या काठावर रोहू, मरळ, चिलापी धरून झाले असतील आणि आता माशाची नवी जात गळाला हवी असंल, तर कोकण गाठा. तारीख पंचांग बघून ठरवायची. तिथीला ३ नं गुणा, ४ नं भागा; तिकडं भरती पूर्ण व्हायची वेळ साधारण निघते. अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला. त्याच्या आधीचे दोन-तीन तास, पाणी चढतं तेव्हाचे, आपले.

आमिषाची कणीक घरीच ठेवा. कोळंबीचा नखाएवढा तुकडा आणि बारीक गळ. मोठ्या गळाला मोठा मासा हे येलदरी धरणावरचं गणित. इथं किती जाती लागल्या ते मोजायचंय. वाळूवर दोरीचं शिसं (वजन) तळाला टेकवून मुडदुशी मासा, खडकाच्या कपारीत गोबरा. कपारीत शिसं अडकतंच, जास्तीचं न्या.

शेंगाळा मासा आला तर हातानं धरू नका, पक्कड घ्या. पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे विषारी. लागलाच तर सोसंल तेवढ्या गरम पाण्यात हात बुडवा आणि दवाखाना गाठा.

ओळख पटवायला पर पसरून फोटो काढा, मग सोडून द्या. (हे सोडणं आमच्या घरी कुणालाच पटत नाही.) रीळ गोड्या पाण्यानं लगेच धुवा. पावसाळ्यात मात्र जाऊच नका.