जर्मनीत राहायला येताय? आधी पत्ता, मग बाकी सगळं

जर्मनीत पाऊल टाकल्यावर बहुतेकांना घाई असते ती बँक खात्याची. इथली गाडी मात्र पत्त्यावर चालते. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत महापालिकेच्या ब्युर्गरआम्टमध्ये ‘आनमेल्डुंग’, म्हणजे पत्त्याची नोंद करायची. पासपोर्ट, व्हिसा आणि लग्न झालं असेल तर लग्नाचा दाखला न्या. सोबत ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ हवं: तुम्ही कोणत्या तारखेला राहायला आलात, हे घरमालकाने सहीनिशी लिहून दिलेला कागद. नवखे लोक त्याऐवजी भाडेकरार पुढे करतात आणि परत फिरतात. हा कागद देणं घरमालकावर कायद्याने बंधनकारक आहे. ‘आनमेल्डुंग जमणार नाही’ असं सांगणारं घर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका.

मोठ्या शहरांत नोंदणीची वेळ लवकर मिळत नाही. रद्द झालेल्या वेळा बऱ्याचदा सकाळी साइटवर दिसतात, तेव्हा बघत राहा. दोन आठवडे उलटणार असतील तर वेळ घेतल्याचा पुरावा जपून ठेवा.

पत्रपेटीवर नाव त्याच दिवशी चिकटवा. टॅक्स नंबर पोस्टाने येतो, आणि पेटीवर नाव नसलं की पत्र परत जातं. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लिहा. आपल्या पासपोर्टावर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचंही नाव असतं, त्यामुळे सरकारी पत्रांवर ते लांबलचक नाव येतं. पेटीवरचं आडनाव पासपोर्टाशी जुळलं म्हणजे झालं.

निवास परवान्यासाठी परदेशी नागरिकांच्या कचेरीत, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेत, जाल तेव्हा तुमच्या पुढे सीरिया, अफगाणिस्तान, युक्रेनमधून आलेली कुटुंबं असतील. रांग लांबली म्हणून त्यांच्यावर चिडू नका, त्यांची वाट तुमच्याहून कितीतरी खडतर आहे. आश्रयाच्या अर्जाचा निर्णय ‘बाम्फ’ हे केंद्रीय खातं घेतं, पण अर्जदार कोणत्या राज्यात जाणार हे ‘क्योनिगश्टाइनर श्ल्युसेल’ या सूत्राने ठरतं. त्यात दोन तृतीयांश वजन राज्याच्या करउत्पन्नाला आणि एक तृतीयांश लोकसंख्येला असतं. आधी राज्याचं स्वागतकेंद्र, मग नेमून दिलेलं शहर किंवा गाव. तिथे डोक्यावर छप्पर, पोरांची शाळा, बालवाडी हे सगळं उभं करणं स्थानिक प्रशासनाच्या अंगावर पडतं. आश्रय मंजूर झाल्यावरही साधारण तीन वर्षं त्याच राज्यात राहावं लागतं. पुरेशी नोकरी किंवा शिक्षण मिळालं तर सूट असते. कायदा देशभर एक असला तरी तो राबवते गावची कचेरी, म्हणून दुसऱ्या शहरातल्या मित्राचा अनुभव तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

या व्यवस्थेतल्या दोन गोष्टी तुम्हालाही खुल्या आहेत. पहिली, मोफत सल्लाकेंद्रं. २७ वर्षांवरच्यांसाठी ‘एमबीई’, त्याखालच्यांसाठी ‘युगेंडमिग्रात्सिऑन्सडीन्स्ट’. कारितास, डियाकोनी, आवो अशा संस्था ती चालवतात. न समजलेलं सरकारी पत्र घेऊन जायला यापेक्षा चांगली जागा नाही. दुसरी, इंटिग्रेशन कोर्स. तो साधारण ७०० तासांचा असतो: ६०० तास भाषा, १०० तास देशाची ओळख. एक तास ४५ मिनिटांचा. जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्यांना सहसा त्याचा हक्क असतो, पण परवाना मिळाल्यापासून वर्षभरात वापरला नाही तर तो संपतो. ‘आधी घर लावू, मग बघू’ म्हणता म्हणता ते वर्ष निघून जातं. हे फार वाईट वाटतं, कारण घरी एकट्या पडलेल्या जोडीदाराला या वर्गासारखा आधार दुसरा नाही.

परवाना वाढवायचा अर्ज तो संपायच्या आत पोहोचलाच पाहिजे, आणि पोचपावती हातात हवी. नवं कार्ड येईपर्यंत ‘फिक्त्सिऑन्सबेशायनिगुंग’ नावाचा तात्पुरता कागद देतात. गणपतीला घरी जायचं तिकीट काढण्याआधी तो उघडून बघा, आत कोणत्या चौकोनात फुली आहे ते. निवास कायद्याच्या कलम ८१, पोटकलम ४ वर असेल तर जुना परवाना चालू धरला जातो आणि परत येता येतं. पोटकलम ३ वर असेल तर त्या कागदावर जर्मनीत पुन्हा प्रवेश मिळत नाही. फुली ४ वर असली तरी जुना परवाना सोबत ठेवा आणि जमलं तर थेट विमानाने या, कारण मधल्या विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांना हा कागद ओळखीचा असेलच असं नाही.