वापरलेला छोटा सीएनसी राउटर : खान्देशातील नवशिक्याने तो कसा पारखावा आणि कसा बसवावा

वापरलेला सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेनुसार लाकूड किंवा अ‍ॅक्रिलिक कोरणारे यंत्र, घेताना आपण मुख्यतः त्याचा सांगाडा विकत घेत असतो, ही गोष्ट खरेदीदाराने प्रथम लक्षात ठेवावी. कंट्रोलर (यंत्राला आज्ञा देणारा भाग), ड्रायव्हर (मोटारींना प्रवाह पुरवणारे सर्किट), वायरिंग आणि संगणक हे भाग जुने झाले तरी एकेक करून बदलता येतात. परंतु गॅन्ट्री, म्हणजे बेडवरून सरकणारी आडवी कमान, वाकलेली असेल, ती ज्यांवर सरकते त्या रेलवर खड्डे पडले असतील किंवा तिला सरकवणारा आटेदार दांडा, म्हणजे बॉल स्क्रू, झिजला असेल, तर दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या किमतीला जाऊन भिडतो. विक्रेता मात्र पडद्यावर नक्षी फिरवून दाखवतो आणि नवशिका तिच्याकडेच पाहत राहतो. म्हणून पाहणीचा बहुतेक वेळ यंत्र बंद असताना, हाताने आणि डायल गेजने (सूक्ष्म हालचाल दाखवणारे काट्याचे मापक) तपासण्यात घालवावा.

त्याआधी आपल्याला काय घडवायचे आहे हे ठरवावे. नावाच्या पाट्या, देव्हाऱ्याची जाळी, चौरंगाच्या कडेची नक्षी, अ‍ॅक्रिलिकची अक्षरे एवढाच विचार असेल तर ६०० × ४०० मिमी, म्हणजे बाजारात ज्याला ६०४० म्हणतात ते यंत्र पुरते. ३०१८ हे त्याहून लहान यंत्र शिकण्यास ठीक आहे, पण त्यावर सागवानाचे जाड काम होत नाही. दरवाजाची पूर्ण फळी कोरायची असेल तर १३२५, म्हणजे १३०० × २५०० मिमीचे यंत्र लागते. ते हौशी माणसाच्या पडवीत मावत नाही आणि पहिले यंत्र म्हणून ते घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील माणसाला शोधासाठी फार लांब जावे लागत नाही. मोठे यंत्र घेतल्यामुळे लहान यंत्र काढून टाकणारे साइनबोर्डवाले आणि फर्निचरवाले आपल्याच शहरात भेटतात. त्याखेरीज सातपूर-अंबड, वाळूज, सुरत आणि इंदूर या बाजूंना जुन्या यंत्रांची उलाढाल चालते. कुठेही गेलात तरी यंत्र प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये, आणि मूळ खरेदीचे बिल असल्यास त्याची प्रत मागून घ्यावी.

पाहणी

सोबत डायल गेज, चांगला गुण्या, अ‍ॅलन कीचा संच, मल्टिमीटर आणि टॉर्च न्यावी. वीज पूर्ण बंद करून कपलिंगजवळ (मोटार आणि स्क्रू यांना जोडणारा भाग) प्रत्येक अक्षाचा स्क्रू हाताने हळूहळू फिरवत गॅन्ट्री एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यावी. जोरात फिरवू नये, कारण स्टेपर, म्हणजे ठरावीक पावलांनी फिरणारी, मोटार फिरली की ती जनित्राचे काम करते आणि तो प्रवाह ड्रायव्हरकडे जातो. फिरवताना हाताला जाणवणारा भार सर्वत्र सारखा असावा. मध्येच जड होत असेल तर रेल समांतर नाहीत किंवा स्क्रू वाकला आहे. मध्येच हलके आणि सैल होत असेल तर त्या जागी झीज आहे. बहुतेक काम बेडच्या मधल्या भागात होत असल्याने झीजही तिथेच अधिक असते, आणि म्हणून केवळ टोकाला घेतलेले माप फसवे असते.

यानंतर बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना वाया जाणारी हालचाल मोजावी. डायल गेज बेडवर बसवून त्याचे टोक स्पिंडलच्या (कापणारे बिट फिरवणारी मोटार) पकडीला टेकवावे, कंट्रोलरवरून यंत्र एका दिशेने थोडे सरकवून गेज शून्यावर आणावे, त्याच दिशेने आणखी १ मिमी पुढे जाऊन मग १ मिमी मागे यावे. गेज जितके शून्यापासून दूर राहील तितका बॅकलॅश. हे माप दोन्ही टोकांना आणि मध्यभागी घ्यावे. बॉल स्क्रूच्या यंत्रात ०.०५ मिमीपर्यंतचा फरक लाकडाच्या कामाला चालतो, ०.२ मिमी असेल तर गोल छिद्रे गोल येणार नाहीत. मात्र भाव तोडण्याआधी कपलिंगचे ग्रब स्क्रू (डोके नसलेले छोटे स्क्रू) आणि टोकाच्या बेअरिंगचे नट आवळून पुन्हा मोजावे, कारण सैल कपलिंगमुळेही असाच दोष दिसतो आणि तो काही मिनिटांत जातो.

वीज पुन्हा बंद करून स्पिंडल हाताने फिरवून कानाजवळ आवाज ऐकावा. खरखर किंवा अडखळणे म्हणजे बेअरिंग गेलेली आहेत. कोलेटमध्ये, म्हणजे बिट पकडणाऱ्या चिमट्यात, सरळ पिन बसवून, स्पिंडल हाताने फिरवत तिची डगमग डायल गेजने मोजावी, ती ०.०३ मिमीच्या आत असावी, नाहीतर १ मिमीचे बारीक बिट टिकणार नाही. तीन फेजच्या स्पिंडलमध्ये कोणत्याही दोन टोकांमधला रोध सारखा भरला पाहिजे. शंका वाटल्यास सौदा पक्का करण्यापूर्वी स्पिंडल जवळच्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात मेगरवर (इन्सुलेशन तपासणारे उपकरण) तपासून घ्यावा. शेतीपंपांमुळे खान्देशात अशी दुकाने बाजाराच्या प्रत्येक गावी आहेत आणि हे काम तिथे सहज होते. फक्त मेगर लावण्यापूर्वी स्पिंडलची वायर व्हीएफडीपासून (स्पिंडलला वीज देऊन त्याचा वेग ठरवणारे उपकरण) सोडवलेली असावी, अन्यथा व्हीएफडी जळेल.

आता कंट्रोलर. जीआरबीएल या नियंत्रण सॉफ्टवेअरवर चालणारे यंत्र असेल तर ते कोणत्याही लॅपटॉपला यूएसबीने जोडता येते आणि नवशिक्याला तेच सोयीचे. मॅक ३ हे सॉफ्टवेअर असलेली जुनी यंत्रे पॅरलल पोर्टवर (जुन्या प्रिंटरचे सॉकेट) चालतात व त्या पोर्टचे ड्रायव्हर सॉफ्टवेअर ६४ बिट विंडोजवर चालत नाही. एनसी स्टुडिओ या सॉफ्टवेअरच्या अनेक जुन्या यंत्रांना संगणकात बसणारे पीसीआय कार्ड लागते. अशा वेळी तो जुना संगणक, कार्ड आणि परवान्याची फाइल यंत्रासोबतच मागावी, किंवा नवा कंट्रोलर बसवावा लागेल असे धरून भाव ठरवावा. जीआरबीएल असल्यास $$ ही आज्ञा देऊन येणारी सर्व मूल्ये उतरवून घ्यावी आणि व्हीएफडीतील पॅरामीटरचे फोटो काढावेत. जुन्या मालकाने केलेली ही मांडणी पुढे फार उपयोगी पडते.

वाहतुकीपूर्वी प्रत्येक वायरला दोन्ही टोकांना चिठ्ठी लावावी. स्पिंडल काढून वेगळा गुंडाळावा, गॅन्ट्रीखाली लाकडी ठोकळे देऊन ती बांधावी आणि छोट्या हत्तीत चढवताना यंत्र खालच्या चौकटीला धरून उचलावे, गॅन्ट्रीला धरून कधीही नाही.

जागा आणि वीज

पत्र्याच्या शेडपेक्षा स्लॅबची खोली बरी. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त; बहुतेक व्हीएफडी मात्र ४० अंश तापमान गृहीत धरून बनवलेले असतात. शेडशिवाय पर्याय नसेल तर उन्हाळ्यात पहाटे काम करावे आणि व्हीएफडीच्या पेटीला हवा खेळती ठेवावी. जिनिंगच्या हंगामात कापसाची तूस हवेत असते. ती कूलिंग फॅनच्या जाळीवर साचते, म्हणून जाळी वरचेवर साफ करावी. यंत्राखालचे टेबल जड आणि भक्कम असावे. हलक्या टेबलावर उत्तम यंत्रही थरथरते आणि कापलेल्या कडेवर लाटा उमटतात.

२.२ किलोवॅटच्या स्पिंडलसाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, स्वतंत्र एमसीबी आणि ४ चौरस मिमीची तांब्याची वायर घ्यावी. ज्या गावांत गावठाण आणि शेती यांचे फीडर वेगळे आहेत तिथे यंत्र गावठाणाच्या विजेवरच चालवावे. शेतीपंप एकाच वेळी सुरू होतात तेव्हा तिकडचा दाब इतका घसरतो की व्हीएफडी ट्रिप होतो.

अर्थिंग हा यातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात तडकते, कोरडी पडते आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. त्यामुळे मार्चपासून त्या खड्ड्यात नियमित पाणी घालावे. व्हीएफडी, यंत्राची चौकट आणि स्पिंडलचे अंग हे तिन्ही अर्थला जोडलेले असावेत. स्वस्त स्पिंडलमध्ये चौथी पिन दिसत असली तरी ती आतून अंगाला जोडलेली नसते, असे पुष्कळदा आढळते. म्हणून मल्टिमीटरने खात्री करून घ्यावी. व्हीएफडीपासून स्पिंडलपर्यंतची वायर शील्ड असलेली घ्यावी आणि ती लिमिट स्विचच्या (अक्षाच्या टोकाला यंत्र थांबवणारा स्विच) वायरीपासून दूर न्यावी, नाहीतर स्पिंडल सुरू होताच कंट्रोलरला लिमिट स्विच दाबला गेल्याचा भास होऊन यंत्र थांबते. आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पडणारा स्विच, वारंवार पडत असल्यास तो काढून टाकू नये. जाणकार वायरमनकडून गळती शोधून घ्यावी. व्हीएफडीचे झाकण उघडायचे असल्यास वीज बंद केल्यावर किमान १० मिनिटे थांबावे, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहतो. तसेच वीज चालू असताना स्टेपर मोटारीची वायर ड्रायव्हरमधून काढू किंवा जोडू नये. ड्रायव्हर तत्क्षणी जातो.

लोडशेडिंगचा विचार इथे करावाच लागतो. केवळ कंट्रोलर आणि मोटारी यूपीएसवर ठेवणे घातक आहे, कारण वीज गेल्यावर स्पिंडल थांबतो, परंतु गॅन्ट्री पुढे सरकत राहते आणि बिट लाकडात मोडते. सर्व काही एकत्र बंद पडावे आणि वीज परतल्यावर माणसाने बटण दाबल्याशिवाय काहीही सुरू होऊ नये, अशी कॉन्टॅक्टरची (वीज जाताच सुटणारा विद्युत स्विच) जोडणी करून घ्यावी. शेतातल्या पंपाला लावतात तसा ऑटो स्विच या यंत्राला कदापि नको. होमिंग स्विच चालू असतील तर वीज आल्यावर बिट हाताने वर घेऊन होमिंग करावे, म्हणजे यंत्राला त्याच्या मूळ ठिकाणी न्यावे. जीआरबीएलमध्ये कामाचा शून्यबिंदू जतन राहत असल्याने अर्धवट काम त्याच जागेवरून पुढे नेता येते.

गुण्यात आणणे आणि मापात आणणे

इथे घाई करू नये. प्रथम चौकट लेव्हलमध्ये आणावी, मग गॅन्ट्री गुण्यात आणावी, त्यानंतर स्पिंडल बेडला लंब करावा आणि शेवटी सॉफ्टवेअरची मापे घ्यावी. हा क्रम उलटला तर प्रत्येक दुरुस्ती पुन्हा करावी लागते. गॅन्ट्रीचा गुण्या तपासण्यासाठी स्पिंडलच्या जागी पेन बांधून जाड कागदावर २०० मिमी बाजूचा चौरस काढावा आणि दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे, म्हणजे सुमारे २८२.८ मिमी आले पाहिजेत. फरक असेल तर गॅन्ट्रीच्या एका बाजूचे बोल्ट सैल करून ती किंचित सरकवावी व पुन्हा चौरस काढावा.

स्पिंडलचा लंब पाहण्यासाठी त्याच्या कोलेटमध्ये आडवा दांडा पकडून टोकाला डायल गेज लावावे आणि हाताने पूर्ण वर्तुळ फिरवावे. २०० मिमी व्यासाच्या वर्तुळात ०.०५ मिमीच्या आत फरक आला तर लाकडासाठी उत्तम. जास्त असल्यास स्पिंडलच्या पकडीखाली पातळ पत्र्याची शिम घालावी. मग १८ मिमी जाडीचा एमडीएफ (लाकडाचा तंतू दाबून केलेला बोर्ड) बेडवर स्क्रूने बसवून त्याचा पृष्ठभाग रुंद बिटाने यंत्रावरच सपाट करावा. स्क्रूची डोकी आधीच खोल बुडवलेली असावीत, हे विसरू नये.

मोटारीला १ मिमी अंतरासाठी किती पावले लागतात हा हिशेब सोपा आहे. मोटारीची एका फेरीची २०० पावले, त्यांना ड्रायव्हरवरील मायक्रोस्टेपने (एका पावलाचे ड्रायव्हर जितके भाग करतो ती संख्या) गुणावे आणि स्क्रूच्या लीडने (एका फेरीत सरकणारे अंतर) भागावे. १६०५ (१६ मिमी व्यास, ५ मिमी लीड) बॉल स्क्रू आणि ८ मायक्रोस्टेप असतील तर २०० × ८ ÷ ५ = ३२०. हीच संख्या जीआरबीएलच्या $१००, $१०१ आणि $१०२ या तीन अक्षांच्या मूल्यांमध्ये भरावी. पट्टीने मोजून १०० ऐवजी ९९.५ मिमी आले म्हणून बॉल स्क्रूची ही संख्या बदलणे बरोबर नाही, कारण चूक बहुधा मोजण्यात, बॅकलॅशमध्ये किंवा सैल कपलिंगमध्ये असते. माप दुप्पट किंवा निम्मे येत असेल तर मात्र ड्रायव्हरवरचे डीप स्विच (मायक्रोस्टेप ठरवणाऱ्या छोट्या कळा) पाहावेत.

व्हीएफडी नवा घालावा लागला तर त्याला वारंवारितेची मर्यादा ४०० हर्ट्झ आणि स्पिंडलच्या पाटीवर लिहिलेला व्होल्टेज व प्रवाह दिल्याशिवाय स्पिंडल फिरवू नये. ४०० हर्ट्झला दोन ध्रुवांचा स्पिंडल मिनिटाला २४,००० फेरे घेतो. पाण्याने थंड होणाऱ्या स्पिंडलमध्ये बोअरचे पाणी घालू नये. त्यातले क्षार आतल्या नळीत बसतात. डिस्टिल्ड पाणी वापरावे, भांडे मोठे घ्यावे आणि सावलीत ठेवावे.

पहिले काम

पहिला जी-कोड, म्हणजे यंत्राला द्यायच्या आज्ञांची फाइल, बिट न लावता हवेत चालवावा आणि एक हात आणीबाणीच्या बटणावर ठेवावा. दुसऱ्या वेळी स्वस्त एमडीएफचा तुकडा घ्यावा. सागवान त्यानंतर. सागात सिलिका असल्याने साधे स्टीलचे बिट लवकर बोथट होते, म्हणून कार्बाइडच घ्यावे. दोन दात्यांचे ६ मिमीचे बिट, १८,००० फेरे आणि प्रत्येक दाताला ०.०५ मिमी कापणी धरली तर फीड (बिट पुढे सरकण्याचा वेग) १८,००० × २ × ०.०५, म्हणजे मिनिटाला १८०० मिमी येतो. ६०४० वर खोली २ मिमीपासून सुरू करावी. बाभळीसारख्या कठीण लाकडात १ मिमी पुरे. फीड भीतीने फार कमी केला तर बिट कापण्याऐवजी घासते, तापते आणि लाकूड काळे पडते. भुशाऐवजी पीठ पडू लागले तर ती याचीच खूण समजावी.

चष्मा आणि मास्क लावल्याशिवाय उभे राहू नये. एमडीएफची बारीक धूळ फुप्फुसात जाते. हातमोजे, उपरणे, ओढणी, सैल बाही यांपैकी काहीही फिरत्या स्पिंडलजवळ नसावे. यंत्र चालू ठेवून चहाला जाऊ नये, कारण बोथट बिटाने तापलेला भुसा पेट घेऊ शकतो.

काळ्या मातीवरची फरशी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात थोडी हलते आणि एमडीएफ ओलाव्याने फुगतो. त्यामुळे पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या कामांना हात घालण्यापूर्वी, लेव्हल आणि पेनाचा चौरस पुन्हा तपासून बेडवरचा एमडीएफ अर्धा मिमी रंधून घ्यावा, रेल पुसून तेल द्यावे आणि कपलिंगचे सर्व ग्रब स्क्रू एकदा आवळावेत.