सायकलवर बामणोलीला मुक्कामी निघालात? या चुका टाळा

साताऱ्यातून निघालं की पाय मोकळे व्हायच्या आतच यवतेश्वरचा घाट लागतो. पहिली चूक इथंच होते. राजवाड्यापाशी चहा झालेला असतो, कुणीतरी जोशात पुढं पळतं आणि आपण जड गिअरवरच त्याच्या मागं लागतो. घाट संपेस्तोवर मांड्या भरून येतात आणि कास अजून लांबच असतं. पहिल्या वळणापासून हलका गिअर टाका. गप्पा मारता येतील एवढाच वेग ठेवा.

खरी गफलत मात्र चढ-उताराचा हिशेब न करण्यात आहे. कास पठार साधारण 1200 मीटरवर, तर बामणोली ज्याच्या काठावर आहे, तो कोयना धरणाचा शिवसागर जलाशय काठोकाठ भरला तरी पाणी 659 मीटरच्या आसपास. म्हणजे कासवरून बामणोलीला उतरताना जी मजा येते, ती सगळी दुसऱ्या दिवशी सकाळी सामानासकट चढायची असते. हे डोक्यात ठेवून सामान भरा, निम्म्या वस्तू घरीच राहतील. लोखंडी तवा नेणारेही पाहिलेत मी.

उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडीला रबर घासणारा ब्रेक असेल, तर ती रिम तापते आणि रबर झिजतं. दोन्ही ब्रेक थोडा वेळ दाबायचे, सोडायचे, परत दाबायचे. लिव्हर पार हँडलला टेकायला लागली तर आधी ब्रेकरबर बघा. ते शाबूत असेल तर केबलचा अडजस्टर, म्हणजे केबल ताणायचा स्क्रू, एक-दोन फेरे बाहेर फिरवा.

तंबूची जागा हा माझा स्वतःचा पराक्रम. पहिल्या खेपेला अगदी पाण्याला लागून तंबू टाकला होता. एक मामा गुरं घेऊन चालले होते, ते थांबून म्हणाले, "पाव्हणं, तितं नगा. वरनं कोरडं दिसतंय, खाली समदा गाळ हाय." मी हसून सोडून दिलं. रात्री सायकलचा स्टँड गाळात रुतला आणि भरलेली सायकल उजव्या अंगावर, नेमकी डिरेलरच्या, म्हणजे मागच्या चाकापाशी साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाच्या बाजूला पडली. सकाळी सगळ्यात हलक्या गिअरवर खर्र खर्र आवाज. डिरेलर ज्याला बसवलेला असतो तो हँगर आत वाकला होता आणि डिरेलर स्पोकला घासत होता. असं झालं तर तो गिअर अजिबात टाकू नका. डिरेलर स्पोकात अडकला तर चाकही जातं. म्हणजे चढाला जो गिअर हवा, तोच गेला!

तेव्हा काठापासून वर, कातळ-मुरमाची जागा बघा. जमीन कुणाची तेही विचारा. लोक सहसा नाही म्हणत नाहीत. पलीकडचा काठ कोयना अभयारण्याचा, तिकडं मुक्कामाचा विचारही नको. थंडीत तंबूच्या जाळ्या बंद करून झोपलात तर आतून पाणी ठिबकतं आणि तो ओला गठ्ठा सकाळी तुम्हालाच वाहायचाय.

पंक्चर काढताना टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा. सोल्युशन जरा वाळू द्या, मगच पॅच लावा. सप्टेंबरातले, फुलांच्या गर्दीचे शनिवार-रविवार सोडा.

एवढं करूनही चढ निघाला नाही, तर साताऱ्याला परतणाऱ्या रिकाम्या जीपला हात करा. टपावर सायकल बसते. हँगर वाकल्यावर मी तशीच आणली. वळणावळणावर मागं वाकून ती जागेवर आहे का, तेवढं बघत होतो.