मुरलेल्या संसारावर नवं नाटक बसवायचं असेल तर

यंदा आमच्या ग्रुपने नवंकोरं दोन अंकी नाटक बसवलं. पात्रं दोनच, घर एकच, आणि लग्नाला बेचाळीस वर्षं झालेली. तेव्हापासून बरेच जण विचारून राहिले की म्हाताऱ्या नवराबायकोचं प्रेम दोन तास दाखवायचं तरी कसं, म्हणून जे करताना कळलं ते सगळं लिहून टाकतो. एक गोष्ट आधीच सांगतो, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. अशा जोडप्याचं प्रेम त्यांच्या हातांच्या कामात दिसतं, त्यामुळे स्क्रिप्ट लिहिताना संवाद सुचायच्या आधी कामं सुचली पाहिजे. कूलरच्या टाकीत पाणी कोण टाकतं, गोळ्यांच्या डबीत गोळ्या कोण भरतं, रात्री गेटला कुलूप लावलं का हे कोण दोनदा जाऊन पाहतं.

सुरुवात ऐकण्यापासून करा. आपल्या घरातले, शेजारचे, मॉर्निंग वॉकवाले, जे कोणी तीस-चाळीस वर्षं सोबत आहे त्यांच्याकडे जाऊन बसा, पण दोघांना एकत्र बसवू नका. एकत्र बसले की काका बोलतात आणि काकू चहा ठेवायला उठतात. वेगवेगळं बसवा आणि दोघांना एकाच दिवसाबद्दल विचारा. "तुमचं प्रेम कसं जमलं" असं विचारलं की लाजून चूप बसतात, "सगळ्यात मोठं भांडण कशावरून झालं" विचारा, मग बोलणं थांबतच नाही. आणि त्याच्या आठवणीत आणि तिच्या आठवणीत जो फरक पडतो ना, तिथेच तुमचा सीन असतो. फक्त नावं, मोहल्ला, नोकरी सगळं बदला आणि लिहून झाल्यावर त्यांना वाचून दाखवा. त्यांनी नाही म्हटलं तर तो सीन कितीही भारी असला तरी काढायचा, यात मी कुणाचं ऐकत नाही.

मग सालवारी करा. हा भाग लोक सोडतात आणि नाटक तिथेच पोकळ होतं. एका मोठ्या कागदावर लग्नाचं साल लिहा आणि खाली एकेक वर्ष. आमचं जोडपं 1983 चं, तो सरकारी ऑफिसात क्लार्क, राहायला नागपूरच्या महाल भागात. मुलगी कधी झाली, स्कूटर कधी आली, सासू कधी गेली, सगळं लिहिलं, आणि शेजारी शहरात काय झालं तेही लिहिलं. 23 नोव्हेंबर 1994 ला विधानभवनावर गोवारी समाजाचा मोर्चा होता, चेंगराचेंगरीत 114 माणसं गेली, नागपुरातल्या त्या पिढीला तो दिवस सांगावा लागत नाही. आमच्या नाटकातला नवरा त्या दिवशी तिकडूनच घरी यायचा होता. मोबाईल नाही, घरी फोन नाही, शेजारच्या रेडिओवर बातमी लागलेली, आणि ती रात्री पावणेदहापर्यंत घरासमोरच्या ओट्यावर उभी. तो आला, सायकल टेकवली, ती काही बोलली नाही, आत जाऊन भात परत गरम केला. एवढाच प्रसंग, तोसुद्धा दुसऱ्या अंकात ती सहज सांगून जाते, आणि तो म्हणतो "मी तर सातलाच आलो होतो." आम्ही तिथे पॉज ठेवला आहे, मोजून आठ सेकंद. सालवारी नसती तर हा सीन सुचलाच नसता.

भांडणाचा मुद्दा छोटा घ्या. नवीन लिहिणारे पटकन कॅन्सर आणतात, नाहीतर जुनी मैत्रीण आणतात, आणि दुसऱ्या अंकात कोणीतरी मरतंच. मला ते पटत नाही, मरणावर थिएटर रडतं पण ते मरणासाठी रडतं, संसार राहतो बाजूला. आम्ही घेतला प्रश्न, मुलगा हिंजवडीत आहे, तो म्हणतो घर विका आणि पुण्याला या, जायचं की नाही. नागपुरात प्रत्येक दुसऱ्या घरात हे चालू आहे. या एका प्रश्नात पैसे आले, सून आली, तिची इथली भिशी आणि त्याची लायब्ररी आली, आणि मुख्य म्हणजे गेल्या बेचाळीस वर्षांत प्रत्येक वेळी कोणी कोणासाठी काय सोडलं हा हिशोब आला. तो हिशोब दोघांनी एकदा तरी मोठ्याने मांडला पाहिजे, एका सीनमध्ये, पूर्ण, काही न लपवता.

भाषा आपलीच ठेवा. ती "अहो" म्हणते, "तुम्ही काहून जेवून नाही राहिले?" म्हणते, तो तिला अगं-तुगं करतो, त्या पिढीत असंच होतं, त्याला उगाच आजचं करू नका. पण वापर करून घ्या. आमच्या नाटकात तो अख्ख्या दोन तासांत तिला नावाने एकदाच हाक मारतो, आणि तेही ती आत असताना, तिला ऐकू न जाईल अशी. आणि कृपा करून वैदर्भी बोली हशासाठी वापरू नका. मुंबई-पुण्याच्या नाटकांत आपली बोली आली की पात्र विनोदीच असतं, आपण तरी तिच्यात कुणाला प्रेम करू द्यावं, फार मनापासून वाटतं मला हे.

आता तालीम. पहिले आठ-दहा दिवस नुसतं वाचन, टेबलाशी बसून, मूव्हमेंट अजिबात नाही. नंतर ब्लॉकिंग, म्हणजे कोणी कधी कुठे उभं राहायचं ते बसवणं, सुरू झालं की पहिल्या दिवसापासून खरी वस्तू हातात द्या. आमच्याकडे पहिल्या अंकात तो संत्रं सोलतो. सोलता सोलता पुण्याचा विषय काढतो, फाक वेगळी करतो, तिच्यावरचा पांढरा दोरा काढतो, बी काढतो आणि फाक तिच्यासमोरच्या स्टीलच्या झाकणावर ठेवतो, कारण तिला दोरे आवडत नाहीत, आणि हे कुठल्याच वाक्यात नाही. आमचा नट बोलायला लागला की हात थांबायचा आणि हात चालला की वाक्य विसरायचा, चार दिवस नुसती संत्री सोलली त्याने, रोज दोन-अडीच डझन, आम्ही सगळे खात बसायचो. पाचव्या दिवशी हात आपोआप चालायला लागला आणि त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हा माणूस या बाईचा नवरा आहे. हिवाळ्यात प्रयोग असेल तर आंबिया बहाराची संत्री कुठेही मिळतात, आणि समोरच्या चार-पाच रांगांपर्यंत सालीचा वास जातो, तो फुकटचा इफेक्ट आहे. प्रयोग मे महिन्यात असेल तर मात्र संत्र्यावर सीन उभा करू नका, शेंगा सोलायला द्या, नाहीतर भाजी निवडायला.

दुसरी वस्तू म्हणजे लग्नात आलेलं भांडं, ज्याच्यावर देणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरलेली असते. आम्ही खरं मिळवलं, एका काकूंनी माळ्यावरून काढून दिलं. प्रेक्षकाला ती अक्षरं दिसत नाहीत पण नटीचा अंगठा त्या अक्षरांवरून फिरतो आणि तेवढं पुरतं.

वय दाखवायचं तर शक्यतो त्याच वयाचे नट घ्या. पंचविशीतल्या पोरांच्या केसांना पांढरं फासून, कमरेत वाकवून उभं केलं की सगळं खोटं वाटतं. नाहीच मिळाले तर केसांच्या आधी गुडघ्यांवर काम करा, साठ-पासष्टचा माणूस वाकून चालत नाही, तो खुर्चीतून उठायच्या आधी हात कुठे टेकवायचा ते ठरवतो.

सेट-लाइटवर जास्त लिहित नाही. एक दिवाण, दोन खुर्च्या, आत जायचं दार, खिडकीतून येणारा अंबर लाइट दुसऱ्या अंकात हळूहळू उतरवायचा, बस. पार्श्वसंगीत कमीत कमी ठेवा, आम्ही पूर्ण नाटकात फक्त कूलरचा आवाज ठेवला होता आणि एका जागी तो बंद केला.

हॉलचा विचार मात्र नीट करा. असं नाटक जवळून बघायचं असतं. रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह सुंदर आहे पण दोनेक हजार खुर्च्यांचं, मागच्या रांगेतून ती संत्र्याची फाक दिसणारच नाही. लक्ष्मीनगरचं सायंटिफिक सभागृह अशा नाटकाला बरं, राज्य नाट्य स्पर्धेला उतरणाऱ्या ग्रुपला तर ते पाठच असतं. सभागृह कुठलंही मिळो, ग्रँड रिहर्सल, म्हणजे रंगीत तालीम, तिथेच करा आणि एक माणूस शेवटच्या रांगेत बसवून ठेवा. त्याला कुजबुजीतलं वाक्य ऐकू आलं नाही तर आवाज वाढवू नका, नटांना दोन पावलं पुढे घ्या.

तिकीट लावून प्रयोग करायचा तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी संहिता आधी द्यावी लागते, म्हणून शेवट बदलायची खाज तालमीच्या आधीच भागवून घ्या. आम्ही तीनदा शेवट बदलला आणि तारखेची फार धावपळ झाली.

आणि वेळ. ज्यांच्यावर नाटक आहे ते लोक रात्री साडेनवाच्या प्रयोगाला येत नाहीत. रविवारी संध्याकाळी पाचचा ठेवा, आठच्या आत सुटेल असा, मध्यंतर वीस मिनिटांचं द्या कारण जिना उतरून बाथरूमला जाऊन परत यायला त्यांना तेवढा वेळ लागतो, आणि कडेच्या खुर्च्या त्यांच्यासाठी राखून ठेवा, दोन-दोन लागून.